स्वस्ताईतही पोट का भरेना? जपानच्या ‘हिमयुगी’ पिढीचं प्रकरण

२०१९च्या उन्हाळ्यात जपानच्या ह्योगो प्रांतातल्या ताकाराझुका शहराच्या पालिकेनं नोकरीची एक जाहिरात काढली. कायम नोकरी, जागा तीन, वय ३६ ते ४५. अर्ज आले १,८१६. देशाच्या कानाकोपऱ्यातून आले. शेवटी तिघांऐवजी चौघांना घेतलं.

सरकारी भरतीत वयाची वरची मर्यादा आपल्या सवयीची असते. इथे खालची मर्यादाही मुद्दाम घातली होती, कारण ही भरती एका ठरावीक पिढीसाठीच होती. साधारण १९९३ ते २००४ या काळात शाळा-कॉलेजातून बाहेर पडलेल्यांना जपानमध्ये ‘रोजगाराच्या हिमयुगातली पिढी’ म्हणतात. संख्या सुमारे एक कोटी सत्तर लाख. या लोकांना विशीत जी नोकरी मिळायला हवी होती, ती चाळिशीत देऊ करणारी ही जाहिरात होती.

आजच्या तरुणांना साधं पोट भरणंही आधीच्या पिढीपेक्षा जड जातंय का, हा वाद बहुतेक वेळा महागाईपाशी येऊन अडकतो. एक जण घरभाड्याचे आकडे काढतो, दुसरा ‘आम्ही काय दिवस काढले’ ते सांगतो आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. जपानचं प्रकरण मला या वादासाठी उपयोगी वाटतं, कारण इथे महागाई हा मुद्दाच बाजूला पडतो. १९९९ पासून पुढची काही वर्षं तिथे किमती थांबल्या होत्या किंवा उतरत होत्या. मार्च २००१ मध्ये सरकारनंच मान्य केलं की अर्थव्यवस्था चलनघटीत, म्हणजे किमती सतत उतरण्याच्या चक्रात सापडली आहे. युद्ध नव्हतं, दुष्काळ नव्हता, देश जगातली दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था होता. मुलं आई-वडिलांपेक्षा जास्त शिकलेली होती. तरीही त्यातल्या लाखोंना स्वतःच्या पायावर उभं राहता आलं नाही.

भरतीची रीत

हे समजायला जपानी भरतीची पद्धत पाहावी लागते. मोठ्या कंपन्या वर्षातून एकदाच, कॉलेज संपवणाऱ्या मुलांची घाऊक भरती करतात. विद्यार्थी शिकत असतानाच मुलाखतींच्या फेऱ्या सुरू होतात, नेमणुकीचा शब्द मिळतो आणि मार्चमध्ये पदवी झाली की १ एप्रिलला सगळे एकदम कामावर रुजू होतात. मुलाला काय येतं याला फारसं महत्त्व नसतं. काम कंपनी शिकवते, पगार दर वर्षी वयाबरोबर चढतो, वर्षातून दोनदा बोनस मिळतो, आणि माणूस साधारणपणे तिथेच निवृत्त होतो.

ज्यांनी ही रीत आतून अनुभवली, त्यांना ती फार माणुसकीची वाटली असणार. अनुभव नसलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला पुढच्या अडतीस वर्षांची हमी आणखी कोण देतं? पण तिची अट अशी की प्रवेश एकदाच. त्या काळी एप्रिलला जो बाहेर राहिला, तो पुढच्या वर्षी ‘नवा पदवीधर’ राहत नसे. नव्यांच्या रांगेत त्याला जागा नसे, आणि अनुभवी म्हणून घ्यावं तर अनुभव नसे. म्हणून हुशार मुलंसुद्धा नोकरी न मिळाल्यास मुद्दाम एक वर्ष मागे राहायची, फी भरून पुन्हा शेवटच्या वर्षाला बसायची, म्हणजे ‘नवा’ हा शिक्का टिकतो. शिकून संपलेलं शिक्षण शिक्क्यासाठी विकत घ्यायचं, यावरूनच त्या शिक्क्याची किंमत कळते.

२९ डिसेंबर १९८९ला टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. शेअर आणि जमिनीचे भाव अवास्तव फुगले होते, त्या फुग्याचा तो कळस होता. मग शेअर कोसळले, पाठोपाठ जमिनीचे भाव. मार्च १९९१ मध्ये पदवी घेणाऱ्यांसाठी दर इच्छुकामागे २.८६ जागा होत्या. मार्च २०००च्या तुकडीसाठी हाच आकडा ०.९९ झाला. मधल्या काळात, नोव्हेंबर १९९७च्या एकाच महिन्यात सान्यो सिक्युरिटीज, होक्काइदो ताकुशोकू बँक आणि यामाइची सिक्युरिटीज अशा तीन मोठ्या वित्तसंस्था बुडाल्या. त्यानंतर ज्यांना नोकऱ्या देता आल्या असत्या, त्यांनीही हात आखडले.

खरी मेख इथे आहे. मंदीत कंपनीनं खर्च कुठे कापायचा? कायम कामगाराला काढणं जपानी न्यायालयांच्या निकालांमुळे अवघड होतं, आणि समाजालाही ते रुचत नव्हतं. मग सोपा मार्ग उरला: आत असलेल्यांना हात लावायचा नाही, नव्यांना घ्यायचं नाही. ज्याला अजून घेतलंच नाही, त्याला काढावं लागत नाही. तो कोर्टात जात नाही, संघटनेत नसतो, त्याची बातमी होत नाही. युजी गेंदा या अर्थतज्ज्ञानं त्याच सुमारास हा मुद्दा लावून धरला होता. तरुणांच्या बेकारीला त्यांचा आळस जबाबदार नाही, तर वयस्क कामगारांच्या नोकऱ्या टिकवण्याचा भार त्यांच्यावर पडतो आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यात संख्येचा योग वाईट जुळला. १९७१ ते १९७४ मध्ये जपानमध्ये दर वर्षी वीस लाखांहून जास्त मुलं जन्मली होती. ती सगळी नेमकी नव्वदच्या दशकात कामाच्या वयात आली. शिवाय चार वर्षांच्या विद्यापीठात जाणाऱ्यांचं प्रमाण १९९० मधल्या पावपटीवरून २००० पर्यंत चाळीस टक्क्यांच्या जवळ पोचलं. उमेदवार वाढले, जागा आटल्या. २००३ मध्ये विद्यापीठातून बाहेर पडलेल्यांपैकी जेमतेम ५५ टक्के थेट नोकरीला लागले.

दोन भावंडांचा हिशेब

आकडे बाजूला ठेवून दोन भावंडं कल्पनेत घेऊ. थोरला मार्च १९९१चा पदवीधर, धाकटा मार्च २०००चा. घर तेच, बुद्धी सारखी, कॉलेजही तेच. थोरल्याला एका उत्पादक कंपनीत कायम नोकरी लागली. धाकट्यानं अर्ज केले, मुलाखती दिल्या, कुठेच जमलं नाही. तो तासाच्या बोलीवर दुकानात आणि गोदामात काम करू लागला.

पहिल्या वर्षी या दोन वाटांतलं अंतर डोळ्यात भरत नाही. २००० मध्ये कायम नोकरीत लागलेल्या पदवीधर मुलाचा सुरुवातीचा पगार महिना १,९६,९०० येनाच्या आसपास होता. तासाला ८५० येन धरले, तर रोज आठ तास आणि महिन्याचे बावीस दिवस मिळून धाकट्याला १,४९,६०० येन मिळतात. नोकरदाराच्या पगारातून कर आणि विमा कापला जातो. धाकट्याला राष्ट्रीय पेन्शनचा महिना १३,३०० येनाचा हप्ता स्वतः भरायचा असतो. तो त्यानं भरला नाही, आणि तसं करणारे पुष्कळ होते, तर दोघांच्या हातात पडणारी रक्कम फार लांब राहत नाही. म्हणूनच त्या काळात वर्तमानपत्रं या मुलांना ‘स्वच्छंदी’ म्हणू शकली. कंपनीच्या जोखडापेक्षा यांना मोकळेपणा प्यारा, असा सूर होता. काहींना तो होताही. पण २००३ मध्ये सरकारी मोजणीत अशा तरुणांची संख्या २१ लाख ७० हजार भरली. इतक्या जणांना एकदमच मोकळेपणाची हौस येत नसते.

अंतर पुढे वाढत जातं. थोरल्यासारख्याचा पगार दर वर्षी एक पायरी चढतो आणि चाळिशीत सुरुवातीच्या दुपटीच्या आसपास जातो, बोनस वेगळा. धाकट्याच्या तासाचा भाव मात्र त्याच्या वयाकडे बघत नाही. देशाचं सरासरी किमान वेतन २००० मध्ये तासाला ६५९ येन होतं, २०१९ मध्ये ९०१. म्हणजे एकोणीस वर्षं राबून धाकटा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्याचा दर किमान वेतनाच्या थोडाच वर असतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या मुलालाही तोच मिळतो.

पेन्शनमध्ये ही दरी पक्की होते. कंपनीच्या कायम कामगाराचा निम्मा हप्ता कंपनी भरते आणि म्हातारपणी मूळ पेन्शनवर पगाराच्या प्रमाणात आणखी रक्कम मिळते. बाहेरच्याला फक्त मूळ पेन्शन. पूर्ण चाळीस वर्षं हप्ते भरले तर २०१९च्या दरानं महिना ६५,००८ येन. मधली दहा वर्षं चुकली असतील तर त्यातलीही पाव रक्कम गेली. विशीत वाचवलेले १३,३०० येन पासष्टीनंतर असे वसूल होतात.

घर भाड्यानं घ्यायला जामीन लागतो, कर्जाला कायम नोकरीचा पुरावा लागतो. लग्नाच्या बोलणीत काय विचारलं जातं हे मी सांगायला नको. किमती उतरल्या होत्या हे खरं, पण त्याचा फायदा घ्यायला मिळकत स्थिर लागते. आणि उतरत्या किमतींमुळेच कंपन्यांचं उत्पन्न घटत होतं, म्हणून भरती बंद होती. एका हातानं मिळालेली स्वस्ताई दुसऱ्या हातानं काढून घेतली जात होती.

सगळ्यांना सारखं लागलं नाही

पदवीधरांची चर्चा जास्त झाली, कारण चर्चा करणारे पदवीधर असतात. खरा मार बारावी झालेल्यांना बसला. जपानमध्ये शाळा आणि कारखाने यांच्यात जुनं नातं होतं: कारखाना शाळेला जागा कळवायचा, शाळा मुलगा निवडून पाठवायची. १९९२ मध्ये अशा जागा सोळा लाखांच्या वर होत्या. २००३ पर्यंत त्या दोन-सव्वादोन लाखांवर आल्या. शाळेतल्या शिक्षकांकडे पाठवायला मुलं होती, पण पाठवायचं कुठे?

गेंदा, आयाको कोंडो आणि सोइची ओता यांनी २०१० मध्ये जपान आणि अमेरिका यांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध केला. मंदीत शिक्षण संपवलेल्या कमी शिकलेल्या अमेरिकी पुरुषांचं नुकसान काही वर्षांत बऱ्यापैकी भरून निघतं. जपानमध्ये ते दहा-दहा वर्षांनंतरही उरतं. अमेरिकेत नोकरी जाते पटकन आणि मिळतेही पटकन. जपानची सुरक्षितता आत असलेल्यासाठी तटबंदी होती आणि बाहेरच्यासाठीही तीच तटबंदी.

मुलींची कथा आणखी वेगळी. १९८६ पासून रोजगारात समान संधीचा कायदा लागू होता, पण प्रत्यक्षात बहुतेक मुली कार्यालयीन मदतनीसाच्या कामांवर घेतल्या जात. मंदी आल्यावर कंपन्यांनी सगळ्यात आधी हीच पदं गुंडाळली, आणि त्या कामांवर मग कंत्राटी मुली एजन्सीमार्फत येऊ लागल्या. १९८६ मध्ये ठरावीक कामांपुरतीच असलेली कंत्राटी मनुष्यबळाची परवानगी १९९९ मध्ये जवळपास सगळ्या कामांना मिळाली, २००४ मध्ये कारखान्यांनाही. बहुतेक टीकाकार या कायद्यांनाच मूळ दोषी ठरवतात. मला ते अर्धंच पटतं. कायदा येण्याआधीच कायम भरती थांबली होती. कायद्यानं त्या पोकळीत काय भरायचं ते ठरवलं.

त्याचा परिणाम २००८ मध्ये दिसला. जागतिक मंदी आल्याबरोबर कारखान्यांनी कंत्राटी कामगारांचे करार संपवले. कंपनीच्या वसतिगृहात राहणाऱ्यांचं काम आणि छप्पर एकाच दिवशी गेलं. ३१ डिसेंबरला स्वयंसेवी संघटनांनी टोकियोच्या हिबिया उद्यानात तंबू ठोकले, जेवण शिजवलं आणि सुमारे पाचशे माणसं तिथे जमली. समोरच्या कासुमिगासेकी भागात मंत्रालयं आहेत. २ जानेवारीला आरोग्य व कामगार मंत्रालयानं आपलं सभागृह झोपण्यासाठी उघडून दिलं. नवीन वर्षाच्या सुट्टीत, कामगार मंत्रालयाच्या सभागृहात, काम नसलेले कामगार.

आई-वडिलांच्या घरात

मग ही माणसं जगली कशी? मोठ्या प्रमाणावर आई-वडिलांच्या घरी. १९९९ मध्ये समाजशास्त्रज्ञ मासाहिरो यामादा यांनी आई-वडिलांच्या जिवावर राहणाऱ्या अविवाहित तरुणांना ‘परोपजीवी’ हे विशेषण लावलं, ते लगेच घरोघरी पोचलं आणि चांगलंच बोचलं. पण जरा हिशेब मांडा. वडिलांची नोकरी टिकावी म्हणून मुलाला घेतलं गेलं नाही, आणि टिकलेल्या त्या नोकरीच्या पगारावर, पुढे पेन्शनवर, तोच मुलगा घरात राहिला. कंपनीनं टाळलेला खर्च कुटुंबानं उचलला. तो कुठल्याच सरकारी आकडेवारीत दिसला नाही, म्हणून वीस वर्षं कुणाला घाईही झाली नाही.

काही जण घरातल्या खोलीतच राहिले. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी अंदाजानुसार ४० ते ६४ वयोगटातले ६ लाख १३ हजार लोक समाजापासून तुटून घरात कोंडून घेतलेले होते. सगळेच काही नोकरीच्या धक्क्यानं तसे झाले नसतील. पण ऐंशीच्या घरातले आई-वडील आणि पन्नाशीतलं मूल, पेन्शन एक आणि खाणारी तोंडं तीन, अशा घरांसाठी जपानमध्ये ‘ऐंशी-पन्नास’ असं नावच पडलं आहे. अशा घराचा आधार आई-वडिलांच्या मृत्यूबरोबर संपतो.

उपाय, जरा उशिरानं

२०१० मध्ये सरकारनं कंपन्यांना सांगितलं की पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत मुलाला ‘नवा’च समजा. शहाणपणाचा नियम, पण तोवर १९९९चा पदवीधर तिशी ओलांडून गेला होता. २०१३ पासून, पाच वर्षांहून जास्त काळ मुदतीच्या करारावर काम केलेल्याला बेमुदत करार मागण्याचा हक्क मिळाला. काही मालकांनी मुदत भरण्याआधीच करार संपवले. शिवाय बेमुदत म्हणजे कायम कामगाराचा पगार नव्हे. पगार तोच, फक्त शेवटची तारीख गेली.

२०१९ मध्ये सरकारनं तीन वर्षांत या पिढीतले कायम कामगार तीन लाखांनी वाढवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. ते गाठता आलं नाही. ताकाराझुकाची जाहिरात याच वर्षातली, आणि मग इतर शहरांनी, मंत्रालयांनीही तशा भरत्या काढल्या. त्या काढणाऱ्यांची नियत चांगली होती. पण पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला वीस वर्षांचा वेतनक्रम आणि वीस वर्षांची पेन्शन मागून जोडून देता येत नाही, आणि कोणत्याही योजनेत ते नव्हतंच.

आधीच्यांना सोपं होतं?

याचं ‘हो’ असं सरळ उत्तर देणं अन्यायाचं होईल. पन्नास-साठच्या दशकांत ईशान्य जपानच्या खेड्यांतून चौदा-पंधरा वर्षांची मुलं खास गाड्यांनी टोकियोच्या उएनो स्टेशनवर उतरत आणि कारखान्यात, दुकानात कामाला लागत. त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणायचे. मुलं दाटीवाटीनं राहत, दिवस लांब, सुट्टी कमी, घरी परतायची सोय नाही. धाकट्याचं २००० सालचं जगणं त्यांच्या तुलनेत आरामाचं होतं: गरम पाणी, मोबाईल, दवाखाना. कष्टांची तुलना केली तर आजोबा जिंकतात, यात वाद नाही.

मात्र १९६० मध्ये पंतप्रधान इकेदा यांनी दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना जाहीर केली आणि ते दहा वर्षांच्या आतच झालं. उएनोला उतरलेल्या मुलाचं पुढचं वर्ष मागच्या वर्षापेक्षा बरं जायचं. दुकान सोडून कारखान्यात जाता यायचं. आज काय मिळतं यापेक्षा पाच वर्षांनी काय मिळेल यावर तो घर मांडू शकत होता. धाकट्याचं आजचं भागत होतं. पुढच्या पाच वर्षांवर त्याला काहीच मांडता आलं नाही.

आणि धाकट्यापेक्षा धाकटे? ‘प्रत्येक नवी पिढी आधीच्यापेक्षा हलाखीत’ हे सूत्र इथे मोडतं. जन्मदर घटल्यामुळे मुलंच कमी झाली; २०१९च्या पदवीधरांमागे १.८८ जागा होत्या. २०२४च्या वसंतातल्या पगारवाटाघाटींत सरासरी वाढ पाच टक्क्यांच्या वर गेली आणि नव्या मुलांना खेचण्यासाठी कंपन्यांनी सुरुवातीचे पगार झपाट्यानं चढवले. वाढीचा मोठा वाटा तरुणांकडे गेला. पन्नाशीला टेकलेल्यांच्या वाट्याला कमी आलं, आत असलेल्यांच्याही. विशीत त्यांच्यापेक्षा वयस्कांना सांभाळलं गेलं, पन्नाशीत त्यांच्यापेक्षा तरुणांना. त्यामुळे हे म्हातारे विरुद्ध तरुण असं भांडण मला वाटत नाही. शाळा कोणत्या वर्षी संपली यावर इतकं अवलंबून राहावं, अशी भरतीची रीत हा यातला दोष आहे. ती रीत सैल होते आहे, मधल्या वयात कंपनी बदलणाऱ्यांना आता पूर्वीइतकं वावडं उरलेलं नाही. पण बदलायला आधी कुठेतरी कायम असावं लागतं.

१९९३ची तुकडी २०३५च्या सुमारास पासष्टीत पोचेल. आधी घर चालवणारे आई-वडील तोवर नसतील, आणि मूळ पेन्शनची खरी किंमत वर्षागणिक घटत जाणार असा सरकारी हिशेबच सांगतो. ती तळापासून उचलून धरायची की नाही, आणि पैसा कुणाच्या खिशातून, यावर २०२५ मध्ये संसदेत बरीच ओढाताण झाली. जूनमध्ये कायदा मंजूर झाला. या मुद्द्याचा निर्णय मात्र पेन्शनच्या २०२९च्या आर्थिक आढाव्यानंतर घ्यायचा असं ठरलं.